बेंबीवरचा पैसा

आत्याबाई, तुमचा ढब्बू पैसा अजून गावच्या देव्हाऱ्यात आहे. देवांबरोबर त्यालाही आंघोळ असते, चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेला असतो, फक्त अलीकडे मी त्याला गंध सगळ्यांच्या शेवटी लावते. देव्हाऱ्यासमोर बसून एवढाच राग काढता येतो. बाकीचा कुठं काढायचा ते कळेना, म्हणून लिहायला बसले. मी इथं आसनगावला लेकीच्या घरी आहे, नातू झोळीत झोपलाय, कुकर उतरलाय. लेकीच्या ऑफिसातले एका बाजूनं कोरे कागद कपाटात पडून होते, तेच घेतलेत, आणि हे पाकिटात घालून कुठं टाकायचं नसल्यामुळं तिकिटाचाही खर्च नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, फुकटात होतंय म्हटल्यावर आमची सून पोथी लिहील. म्हणा. तुमचं बोलणं ऐकून घ्यायची मला सवय आहे. आज मात्र मी बोलते आणि तुम्ही ऐका, मधेच उठून गोठ्यात जाऊ नका.

तुमची नात जन्मली ते दिवस आठवा. माघ संपत आला होता, भाताच्या रोपांची जमीन भाजायला, राबासाठी पाला तोडायचं काम चाललं होतं, आणि मी शहापूरकडच्या माहेरून सव्वा महिन्याचं बाळ घेऊन मुरबाडकडच्या तुमच्या घरी आले. नाळ केव्हाच पडून गेली होती, जागा सुकली होती, तरी पोरीची बेंबी काही खाली बसेना. आधी बोराएवढी होती, मग चांगली जांभळाएवढी झाली. पोरगी शांत असली की सपाट, रडली की फुगून टरारून वर यायची. बोटानं दाबली की आतल्या आत गुडगुड करून नाहीशी व्हायची. पहिलटकरीण होते, दुसरं कोणाला दाखवणार, तुम्हालाच हाक मारली. तुम्ही आलात, पदर खोचलात, पोरीचं झबलं वर केलंत, बघितलंत, आणि मग पोरीकडं न बघता माझ्याकडं बघितलंत. "रडवलीस ना? माहेरी कोणी उचलली नाय हिला. रडरड रडली, जोर लागला नि बेंबी भायेर पडली." माझी आई बिचारी पोरीला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. ते मी सांगायला लागले तर तुम्ही म्हणालात, "तोंड नको चालवू. पोर सांभाळायला तोंड लागत नाय, हात लागतो."

त्याच दिवशी तुम्ही देव्हाऱ्यातला हा तांब्याचा मोठा पैसा काढलात. जुन्या लुगड्याचा मऊ पट्टा फाडलात, कापसाची घडी केलीत, तिला हळद आणि खोबरेल लावलंत. पोरीला मांडीवर आडवी घेऊन डाव्या हाताचा अंगठा बेंबीवर टेकवलात, हलकेच दाबलात, गुडगुड ऐकू आली तशी घडी आणि पैसा त्या जागी बसवलात आणि पट्ट्याचे वेढे घेऊन कुशीला गाठ मारलीत. तुमचा हात बघत राहावा असा होता, हे मी आजही नाकारत नाही. पोरगी तुमच्या मांडीवर हूं का चूं करायची नाही. मी बांधायला गेले की ओरडायची, पट्टा सैल व्हायचा, पैसा घसरून बरगडीपाशी जायचा, आणि तुम्ही शेजारणीला बोलावून दाखवायचात, "बघा गो, आमची मॅट्रिक. पेपर सोडवले, पण एक गाठ मारता येत नाय." शेजारीण हसायची. मीही हसायचे, कारण नाही हसले तर तोंड फुगवलं म्हणून आणखी ऐकावं लागलं असतं.

तेव्हापासून पोरीनं रडायचं नाही असा घरात कायदा झाला. दिसायला तो पोरीसाठी होता, पण पाळायचा मी. भाकरी थापताना पोरगी कुरकुरली की पिठाच्या हातानं उठायचं. न्हाणीत असले आणि रडली की अर्ध्या अंगावर पाणी घेऊन बाहेर यायचं. देवाला दिवा लावत असले तरी काडी विझवून धावायचं, आणि धावत पोचेपर्यंत तुम्ही दारात उभ्या. नुसतं पोरीच्या पोटाकडं बघायचात आणि मग माझ्याकडं. मला त्या वेळी झोपेतसुद्धा रडणं ऐकू यायचं. पोरगी गाढ झोपलेली असायची आणि मी उठून तिच्या पट्ट्यावर हात फिरवत बसायचे, पैसा जागेवर आहे की नाही बघत.

चैत्र-वैशाखात उकाडा वाढला आणि पैशाखालची कातडी लाल झाली. गोल वळ उठला, तो ओला राहायला लागला, त्याला वास यायला लागला. लस टोचायला नर्सबाई आली तेव्हा मी पट्टा सोडून दाखवला. तिनं पैसा उचलून माझ्या हातात दिला. म्हणाली, "हे आधी काढा. याचा काही उपयोग नाही, नुसती जखम होईल. बेंबी हळूहळू आपली आपण जाते." तुम्ही चुलीपाशी होतात. सगळं ऐकलंत. तिला गुळाचा चहा केलात, गोड बोललात, पायरीपर्यंत पोचवायला गेलात. आणि ती वळणापलीकडं दिसेनाशी झाल्यावर आत येऊन मला विचारलंत, "तिला पोरं किती?" मी म्हटलं, लग्न व्हायचंय अजून तिचं. "मग," म्हणालात, आणि पैसा धुवून परत बांधलात, वळाला थोडी जास्त हळद लावून. पोरगी त्या दिवशी तुमच्या मांडीवर पहिल्यांदा रडली. त्या रडण्याचा मात्र दोष कोणाचा, ते कोणी बोललं नाही.

आता खरं सांगायचं ते सांगते. त्याच उन्हाळ्यात गावाला अंगणवाडी मंजूर झाली. मॅट्रिक झालेली, गावात नांदणारी बाई पाहिजे होती, आणि गावात मॅट्रिक झालेल्या सुना दोनच, एक मी आणि एक खालच्या आळीतली. तिला वर्गात कधी धड वाचता आलं नव्हतं असं तीच हसून सांगायची. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की जागा मला मिळणार. हे म्हणाले, "कर अर्ज, बघू." मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. अंगणवाडी आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर, देवळाच्या मागच्या खोलीत भरणार होती. पोरीला मांडीवर घेऊनसुद्धा जाता आलं असतं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुम्ही कधीच नाही म्हणत नव्हता. उलट शेजारणीला सांगितलंत, "आमची सून आता बाई होणार, आमाला पण अ आ शिकवंल." मी ते ऐकून खूश झाले होते. किती वेडी होते.

मुलाखतीला मुरबाडला जायचं होतं. सकाळची एसटी. मी स्वयंपाक उरकून ठेवला, पोरीला पाजून तुमच्या मांडीवर दिली आणि आतल्या खोलीत लग्नातली हिरवी साडी नेसायला गेले. निऱ्या खोचत होते तोच पोरीचा टाहो ऐकू आला. नेहमीचं रडणं नव्हतं, आतून जीव ओतून रडत होती. मी तशीच बाहेर आले. तुम्ही ओट्यावर बसला होतात, पट्टा सोडून बाजूला ठेवलेला, आणि पोरगी उघड्या पोटानं तुमच्या पायांवर. बेंबी फुगून गच्च झालेली, चकाकत होती. "बघ," म्हणालात. आवाज चढवला नाहीत. "तू अजून उंबऱ्याच्या भायेर नाय पडलीस नि ही भायेर आली. जा तू. नोकरी कर. आतडं फुटलं तर मी तिकडं तार करंन." मी हे कुठं आहेत म्हणून बघितलं. हे अंगणात सायकलीला हवा भरत होते. त्यांनी मान वर केली, आपल्याकडं बघितलं आणि परत पंप मारायला लागले. एसटीचा हॉर्न वाजला, खाली फाट्यावर. मी पोरीला उचलली, छातीशी धरली, आणि एका हातानं साडीच्या टाचण्या काढायला लागले. तुम्ही टाचण्या वेचून डबीत ठेवल्यात. तुम्ही टाकून काही देत नव्हता, ते मी तुमच्याकडूनच शिकले.

जागा खालच्या आळीतल्या सुनेला मिळाली. मी तिच्यावर कधी राग धरला नाही, तिनं काम चांगलं केलं. पण रोज सकाळी ती रजिस्टर काखेत मारून आपल्या दारावरून जायची, आणि पुढं तीन वर्षांची झाल्यावर तुम्हीच माझ्या पोरीला हाताला धरून तिच्याकडं पोचवायला लागलात. पोरगी घरी येऊन सांगायची, बाईंनी हे शिकवलं, बाईंनी ते शिकवलं. मी तवा घासत ऐकायचे. माझ्या पोरीची बाई दुसरी होती.

तोपर्यंत तिची बेंबी बसली होती. कधी बसली ते कळलंसुद्धा नाही. पट्टा तर जखमेमुळं अर्ध्याहून जास्त दिवस सुटलेलाच असायचा, पण एक दिवस न्हाऊ घालताना बघितलं तर सपाट. रडली तरी सपाट. तुम्ही पैसा देवाला वाहिलात, गूळ-खोबरं वाटलंत, सगळ्या आळीला बोलावलंत. त्यानंतर तुमचं नाव झालं. वाडीवस्तीवरनं बायका पोरं घेऊन यायला लागल्या, थेट डोंगराखालच्या पाड्यांवरनं. तुम्ही ओट्यावर बसायचात, मांडीवर पोर, हातात पट्टा, आणि प्रत्येकीला पहिलं वाक्य तेच सांगायचात, माझ्याकडं मान उडवून, "आमच्या नातीची केवढी होती. हिनं रडवली होती, मी बसवली." ती बाई माझ्याकडं बघायची. मी तिला पाणी द्यायचे, मग चहा. एकदा एक अगदी पोरसवदा आई, तिचं बाळ तिच्यासारखंच काटकुळं, तुमचं बोलणं ऐकून हुंदके द्यायला लागली, म्हणाली, आजी, मी मजुरीला जाते, बांधावर ठेवते हो याला, रडतो तो, माझ्यामुळंच झालं असणार. तुम्ही म्हणालात, "तर काय." तिच्या तोंडाकडं मला बघवलं नाही. पण माझ्याकडं तिला सांगायला काही नव्हतं, कारण मीही तेव्हा तेच खरं धरून चालले होते.

तुम्ही गेलात त्या आधीच्या दिवसांत, अंथरुणावर होतात, बोलणं खोल गेलं होतं. मला खूण करून देव्हारा दाखवलात. मला वाटलं, तीर्थ पाहिजे. तुम्हाला पैसा पाहिजे होता. तो तळहातावर घेतलात, अंगठ्यानं चोळलात आणि माझ्या हातात दिलात. "घे. नातवंडांना लागंल. नीट बांध." नणंदबाई शेजारी होत्या, त्यांना दिला नाहीत, मला दिलात. त्या दिवशी मी पदर डोळ्यांना लावून खूप रडले, आत्याबाई. वाटलं, शेवटी मला मानलं. इतकी वर्षं तो पैसा मी देवासारखा सांभाळला, त्या एका देण्यापायी सगळं गिळलं.

आता नातवाचं सांगते. लेक बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. ती कल्याणला एका कंपनीत हिशोबाच्या कामाला आहे. कॉमर्स मी तिला हट्टानं शिकवलं, कशी शिकवली ते माझं मला माहीत. तिच्या मुलाचीही बेंबी आली, अगदी तशीच, बोराएवढी. मी पैसा बांधायला काढला होता, पण लेकीनं मोबाईलवर काहीतरी वाचलं, म्हणाली, "आई, डॉक्टरला विचारल्याशिवाय नको." मी थांबले. मनातून मात्र मलाही वाटत होतं की ही पोराला फार रडू देते. बोलले नाही, एवढंच.

बारसं आमच्याकडंच केलं. बाळाला न्हाऊ घातल्यावर विहीणबाईंनी टॉवेल बाजूला केला आणि म्हणाल्या, "ही अशी काय गो बेंबी? रडवतेस वाटतं. मोबाईल हातात असला की पोर रडतंय ते कुठं ऐकू येणार." बायका हसल्या. लेकीचं तोंड उतरलं. विहीणबाई पुढं म्हणाल्या, "आता त्या कामाचं नाव काढू नको. वरीसभर पोराला खाली ठेवायचं नाय. कंपनी काय, दुसरी मिळल." माझ्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. मला विहीणबाई दिसतच नव्हत्या, ओट्यावर बसलेल्या तुम्हीच दिसत होतात. आणि तेवढ्यात खर्डीला दिलेली तुमची लेक, माझ्या नणंदबाई, खो खो हसत म्हणाल्या, "कशाला घाबरवताय पोरीला? आमच्या दादाची बेंबी बघायला पाहिजे होती. लिंबाएवढी. शाळेत जायला लागला तरी होती तशीच. पोरं त्याला लिंबूच म्हणायची. नाय रे दादा?" हे दारात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे होते. "पुरे गो," म्हणाले आणि पाठ फिरवून गेले. कान लाल झाले होते. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मी विचारलं, "मग पैसा कोणी बांधला होता यांना?"

"कसला पैसा नि काय," नणंदबाई म्हणाल्या. "आई दिवसभर राबावर, नायतर भाताच्या आवणीला. दादा बांधावर चिखलात बोंबलत पडलेला. आईच सांगायची हसून, बेंबी आली तशी गेली, मला बघायला टाइम कुठं होता."

तबक मी खाली ठेवलं. तुम्हाला माहीत होतं, आत्याबाई. तुमच्या स्वतःच्या मुलाची तशीच होती, तो चिखलात पडून रडला होता, पैसा नाही, पट्टा नाही, कोणी उचलून घेतलं नाही, आणि ती गेली होती. तुम्ही ते लेकीला गंमत म्हणून सांगत होतात. मला नाही सांगितलंत. त्या पोरसवदा आईलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मीच लेकीला म्हटलं, चल शहापूरला, बालरोगतज्ज्ञांकडं. डॉक्टर म्हणजे लेकीच्याच वयाची मुलगी. तिनं हात गरम करून घेतले, अंगठ्यानं बेंबी दाबली, गुडगुड झाली, आत गेली. म्हणाली, "मऊ आहे, आत जाते, काही काळजी नको. नाळेच्या जागी पोटाच्या भिंतीत फट राहते, ती बहुतेक मुलांची चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बुजते. नाही बुजली तर तेव्हा छोटं ऑपरेशन. नाणं, पट्टा काही बांधू नका, त्यानं फक्त कातडी सोलवटते. मात्र कधी कडक झाली, रंग बदलला, दाबून आत जाईना, किंवा बाळ दुखून रडायला आणि उलट्या करायला लागलं, तर एक मिनिट थांबू नका, सरळ घेऊन या." लेकीनं सगळं मोबाईलमध्ये टिपून घेतलं. मी विचारलं, "रडवल्यानं होते का हो ही?" डॉक्टर म्हणाली, "नाही आजी. फट आधीपासूनच असते. रडताना पोटात जोर येतो म्हणून ती दिसते, एवढंच." मी परत विचारलं, "पण आईनं रडू दिलं असेल तर?" ती हसली. "बाळ आहे आजी, रडणारच की."

बाहेर बाकावर मी बसून राहिले. लेक म्हणाली, "आई, काय झालं? चांगलंच तर सांगितलं." मी म्हटलं, हो, चांगलंच सांगितलं. इतक्या थोड्या शब्दांत सांगितलं. एवढ्यासाठी मी अर्ध्या आंघोळीतून धावत होते, एवढ्यासाठी लग्नातल्या साडीच्या टाचण्या काढल्या. तुम्हाला सून घराबाहेर जायला नको होती तर तसं तोंडावर सांगायचं होतं. मी भांडले असते, अबोला धरला असता, नाहीतर तुमचं ऐकलंही असतं. पण तुम्ही पोरीचं पोट उघडं करून पुढं धरलंत. सासूशी भांडता येतं, स्वतःच्या पोरीच्या बेंबीशी कोण भांडणार.

लेकीनं राजीनामा लिहून ठेवला होता. मोबाईलमध्येच. पाठवला नव्हता, पण रोज काढून वाचत होती, मला दिसत होतं. पोर जरा ओठ काढायला लागलं की झेप घालायची, जेवण तसंच टाकून. डॉक्टरांनी सांगितल्यावरसुद्धा. आम्ही बाळाला घेऊन आसनगावला आलो त्या दिवशी विहीणबाई भेटायला आल्या, आणि पिशवीतून दहाचं नाणं काढलं. "जरा जड असतं, चांगलं बसंल," म्हणाल्या. भाबडेपणानंच म्हणाल्या. लेकीनं नाणं हातात घेतलं, आणि माझ्याकडं बघितलं, मी त्या एसटीच्या सकाळी यांच्याकडं बघितलं होतं तसं.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. हिच्या रडवण्यानं काही झालेलं नाही म्हणाले. ही कामावर जाणार आहे, पोराला मी सांभाळणार आहे म्हणाले. आणि माझ्या लेकीला परत कोणी रडवलीस म्हटलं तर तुमच्या घरचं पाणी पिणार नाही, असंही म्हणाले. विहीणबाई घाबरून उठूनच उभ्या राहिल्या. "अवो, मी साधं बोलले," म्हणाल्या, "तुमी तर सात जन्माचा राग काढताय माझ्यावर." त्यांचं बरोबर होतं. त्यांना घालून पाडून जे बोलले त्यातलं निम्म्याहून जास्त तुमच्यासाठी होतं. बिचारीनं चहासुद्धा अर्धा ठेवला. पुढच्या वेळी जाताना त्यांच्यासाठी नागलीचे पापड नेणार आहे, पण बोललेलं परत घेणार नाही. त्या रात्री लेकीनं राजीनामा मोबाईलमधून पुसून टाकला. मला दाखवून पुसला.

तुम्हाला आणखी एक विचारायचं आहे. देवाला यात कशाला ओढलंत? मी साधी बाई आहे, उपास सोडले नाहीत, दिवा चुकवला नाही. त्या पैशासमोर मी इतकी वर्षं हात जोडले, कारण त्यानं माझी चूक निस्तरली असं तुम्ही सांगितलंत. देवाचा काही दोष नाही. फट त्यानंच ठेवली होती आणि त्यानंच बुजवली, त्याच्या सवडीनं, कोणाला दोष न देता. मी घरचा हिशोब ठेवते, बचत गटाचा ठेवते, देवळाच्या उत्सवाचाही माझ्याकडंच असतो, आणि त्यात मला एकच गोष्ट कळते, ज्याचं ते त्याच्याच नावावर लिहावं. तुम्ही गुण स्वतःच्या नावावर घेतलात आणि दोष माझ्या नावावर टाकलात, आणि त्यातलं काहीच तुमचं नव्हतं आणि माझंही नव्हतं.

तरी पैसा देव्हाऱ्यातून काढायला हात होत नाही. तुमच्यासाठी नाही, इतक्या वर्षांच्या पूजेसाठी. आठवड्याचे पाच दिवस मी इथं असते, तेव्हा हे पूजा करतात. परवा फोनवर म्हणाले, "त्या पैशाला कुंकू लावायचं का गंध?" मी म्हटलं, तुमच्या आईला विचारा. मग म्हणाले, "तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं." कशाबद्दल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांच्या सायकलीला अजूनही तोच पंप आहे.

लेक सकाळी डबा घेऊन स्टेशनवर जाते. जाताना पोर रडतं, ती दारात थबकते, आणि मी तिला म्हणते, जा गो, रडू दे त्याला, काही होत नाही. ती जाते. खिडकीतून ती वळणापर्यंत दिसते, मागं वळून बघत नाही. चांगलं वाटतं. म्हणजे एकदा पोरीसाठी घरात बसले आणि आता पोरीच्या पोरासाठी बसलेय, पण या वेळी मला कोणी बसवलं नाही.

झोळी हलायला लागलीय, उठला वाटतं. हे कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवीन, नाहीतर चूल पेटवायला गावाला नेईन, वाचायला कोणी नाहीच. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. डॉक्टरांचं सगळं बोलणं मला पाठ आहे, लेकीला मी रोज तेच ऐकवते. पण ती निघून गेली आणि पोर रडायला लागलं, की त्याला उचलायच्या आधी माझा डावा हात झबल्याखाली जातो आणि अंगठा त्याच्या बेंबीवर टेकतो. गुडगुड ऐकू येईपर्यंत मी श्वास घेत नाही. हात अगदी तुमच्यासारखा पडतो.